फेरीतलं फेरीत

कुलथे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या हेडसरांना शिक्षा करत होत्या.

थापा नाही मारत. शाळेत रुजू व्हायला आले तो माझा पहिला दिवस. हातात पत्र्याची ट्रंक, नगरपासून एसटीत हाडं खिळखिळी झालेली, केसांत बोटभर धूळ. फाटकातून आत येते तर काय, धोतर, काळा कोट आणि टोपी घातलेले एक ढेरपोटे गृहस्थ मैदानाच्या कडेकडेनं धापा टाकत पळतायत! आणि मधोमध एक उंच, सावळी, काटक बाई उभी. नऊवारीचा काष्टा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्र नाही पण शिट्टी आहे. ती ओरडतेय, "हेडसर, कोपरा कापायचा नाही! पूर्ण फेरी!"

मी ट्रंक खाली ठेवली आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाला, नामदेवला, विचारलं की हे काय चाललंय.

"त्येंनी पोरीला सल्ला दिला ना, बाई," नामदेव म्हणाला. सरांनी कुणाचं पाकीट मारलं असतं तरी त्यानं याच आवाजात सांगितलं असतं.

ही गोष्ट पन्नासाहून जास्त वर्षांपूर्वीची. सोनईच्या पलीकडे चारपाच मैलांवरचं गाव, आठवी ते अकरावीची शाळा, मुलगे भरपूर आणि मुली मोजक्या. मी इतिहास शिकवायला गेले होते, चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आज हे सगळं वर यायला कारण माझी नात. सोळा वर्षांची पोर चार महिने खोलीचं दार लावून बसली होती. परवा तिला नगरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तासभर तिच्याशी बोलून सांगितलं, "दर आठवड्याला हिनं इथं येऊन बोलायचं, आणि रोज घाम येईपर्यंत चालायचं नाहीतर खेळायचं. दोन्ही करायचं हं. एक धरून दुसरं सोडायचं नाही." मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्या हसून म्हणाल्या, "आजी, आता असंच करतात." आता! अहो, आमच्या कुलथे बाई हे दुष्काळात करत होत्या, फुफाट्याच्या मैदानावर, आणि त्याबद्दल लोक त्यांना वेडी म्हणत होते. मीसुद्धा त्या लोकांतच होते, ते कशाला लपवू?

बाईंच्या पद्धतीला पद्धत तरी कसं म्हणायचं! सकाळी शाळा भरायच्या आधी अर्धा तास सातआठ मुली मैदानावर जमायच्या. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला कशावरूनही रडू यायचं, कुणी वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची. बाई त्यांना नेमक्या हुडकून काढायच्या. मग जोड्या. दोघींनी शेजारी शेजारी चालत, नंतर नंतर पळत, मैदानाला फेरी मारायची. एका फेरीत एकीनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. पुढच्या फेरीत उलट. ऐकणारीला एकच शब्द बोलायची मुभा, "मग?" बाकी काही नाही. सल्ला दिला, उपदेश केला, "एवढं काय त्यात" असं म्हटलं, की एक फेरी जास्त, पळत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फेरीतलं फेरीत. मैदानाबाहेर ते बोलणं न्यायचं नाही. आईला सांगायचं नाही, मैत्रिणीला नाही, खुद्द बाईंनाही नाही.

हेडसर त्या दिवशी सहज मैदानावर आले आणि रडणाऱ्या एका पोरीला म्हणाले, "बाळ, मन अभ्यासात गुंतव." झालं. बाईंनी शिट्टी फुंकली. सर बिचारे भले माणूस, गमतीत पळायला लागले आणि अर्ध्या फेरीत पस्तावले.

बाई आणि मी एकाच घरात शेजारशेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मधे मातीची भिंत, वरून उघडी. त्यांनी फोडणी दिली की मला ठसका लागायचा. त्या मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. शिक्षकांना त्या विषयावरून ओळखायच्या. "ए इतिहास, चहा टाकलाय, ये." गणिताचे मास्तर म्हणजे "गणित", आणि त्यांची बायको आली की "गणिताच्या वहिनी". स्टाफरूममध्ये त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. कपबशी हातात धरून येरझाऱ्या घालायच्या, आम्हाला माना फिरवून फिरवून त्यांच्याशी बोलावं लागायचं. भुईमुगाचे दाणे आणि गूळ कनवटीला कायम. ते वर्ष लाल मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीचं, पोटात दगड घातल्यासारखी ती भाकरी बसायची, त्यामुळे बाईंच्या दाण्यांवर सगळ्या पोरींचा डोळा. त्यांचं माहेर कुठलं, नवरा होता की नव्हता, कुणी विचारलं की म्हणायच्या, "ये फेरीला, सांगते." विचारणारा पुन्हा विचारायचा नाही.

आणि माझी जीभ तेव्हा भलती तिखट. मी स्टाफरूममध्ये म्हणायची, "नगरच्या दवाखान्याला टाळं ठोका, आमच्या बाई पळवून पळवून माणसं बरी करतात." सगळे हसायचे. बाई पण हसायच्या. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग मंदा.

मंदा दहावीत होती. पहिल्या बाकावरची, खणखणीत आवाजाची, सकाळची प्रार्थना तीच सांगायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली ती शेवटच्या बाकावर बसली. मग वेणी घालायची बंद झाली. मग प्रश्न विचारला की नुसती बघायची. संक्रांतीपर्यंत शाळेत यायचीच बंद झाली. गावात एकच चर्चा, पोरीचं काहीतरी भानगडीचं आहे. आमच्याकडे तरणी पोर कोपऱ्यात बसली की पहिला प्रश्न ठरलेला, कुणाचं नाव?

एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "इतिहास, चप्पल घाल." आम्ही दीड मैल चालून तिच्या वस्तीवर गेलो. चांगलं खातंपितं घर, दारात बैलजोडी, त्या कोरड्या वर्षातही विहिरीला दोन पुरुष पाणी. मंदा धान्याच्या कणगीमागे भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे केस! तेल नाही, पाणी नाही, नुसत्या जटा. चार महिन्यांपूर्वी हीच पोर अख्ख्या शाळेपुढे उभी राहून प्रार्थना म्हणायची हो!

तिच्या आईनं, जिजाबाईंनी, आम्हाला पाणी दिलं आणि पदर डोळ्याला लावला. "लई दवापानी झालं, बाई. नेवाशाला न्हेली, नगरला न्हेली. डाक्टर म्हनला अशक्तपना हाय, सुया टोचल्या. देवरुशानं लिंबू उतरलं. कायबी फरक न्हाई."

मंदाची आत्या तिथंच बसली होती. "म्या तर सरळ इचारलं, नाव सांग त्येचं. तर नुसती बघती माझ्याकडं."

"पाडव्यानंतर उजवून टाकतो," मंदाचे वडील आबा म्हणाले. धिप्पाड माणूस, मिशी, मनगटात चांदीचं कडं. "पोरगा बघून ठिवलाय. लगीन झालं का सुदारतात पोरी."

बाई उठल्या. त्या निघाल्या तेव्हा जिजाबाई आमच्या मागं गोठ्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, दोनदा हिरीच्या काठावरनं आनलीय म्या तिला. कुनाला बोलले न्हाई. ह्येंनाबी न्हाई."

मी त्या गोठ्याच्या ओट्यावर बसले. आपण इतिहासात माणसं मारतो आणि तारखा पाठ करून घेतो, पण दहावीतली आपली विद्यार्थिनी विहिरीच्या काठावर उभी आहे हे ऐकायला मी तयार नव्हते. बाई मात्र तशाच परत फिरल्या. आबांना म्हणाल्या, "आबा, तुमचा बांध दाखवा मला. चला, चालत चालत."

शेतकऱ्याला बांध दाखवा म्हटल्यावर तो नाही कसा म्हणेल? दोघं गेले. मी लांबून बघत होते. आधी आबांचे हात हलत होते, हा बांध, तो ओढा, पलीकडं भावाची जमीन. मग हात थांबले. मग तो एवढा मोठा बाप्या बांधावर उभ्या उभ्या पागोट्याच्या शेमल्यानं डोळे पुसायला लागला! मी आ वासून बघत राहिले. परत आल्यावर आबा म्हणाले, "पाडव्यापतोर न्या शाळंत. मंग बगू."

रस्त्यात मी विचारलं, काय बोलले हो?

"ते बांधावरचं. बांधावरच ठेवलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जिजाबाई मंदाला हाताला धरून आणायला लागल्या. मंदा मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसायची आणि खाली मान घालून माती उकरायची. बाई तिच्याजवळ बसल्या नाहीत की ऊठ म्हणाल्या नाहीत. त्या लिंबाभोवती गोल गोल फिरायच्या आणि तोंडानं अखंड बडबड. काल भात करपला, सायकल शिकताना म्हशीवर कशी आदळले, माझ्या चुलत मावशीच्या नथीची गोष्ट. मी वऱ्हांड्यातून बघायची आणि म्हणायची, आता दोघींना न्यायला लागणार दवाखान्यात. नऊ दिवस हे चाललं. दहाव्या दिवशी मंदानं मान वर केली आणि कुरकुरत म्हणाली, "बाई, तुमच्या फिरण्यानं मला गरगरतंय."

दोन महिन्यांतलं तिचं ते पहिलं अख्खं वाक्य. बाईंनी टाळ्या वाजवल्या हो! म्हणाल्या, "मग तू चाल, मी उभी राहते."

ती उठली. अर्धी फेरी चालली आणि धापा टाकत परत बसली. पण दुसऱ्या दिवशी एक फेरी झाली. महिन्याभरात चार झाल्या. केस धुतलेले दिसायला लागले, वेणी आली. तिची जोडी बहुतेक बाईंशीच असायची. एकदा लंगडीच्या खेळात ती इतक्या जोरात "आउट!" ओरडली की शेजारच्या वर्गात गणित थांबलं. जिजाबाईंनी लाह्या-गुळाचे लाडू आणून स्टाफरूममध्ये वाटले. मी दोन खाल्ले आणि माझ्या तिखट जिभेला कुलूप घातलं. बाईंची टिंगल मी त्या दिवशी सोडली. इतकंच नाही, पुरती त्यांच्या बाजूची झाले. नव्यानं शहाणं झालेलं माणूस फार धोक्याचं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यातला गुरुवार. बाईंना तालुक्याला जायचं होतं, म्हणून त्या मला म्हणाल्या, "आज मंदाची जोडी तू." मी पदर सावरून तिच्या शेजारी चालायला लागले. ती बोलायला लागली.

"सगळे विचारतात काय झालं," मंदा म्हणाली. "काहीच झालं न्हाई, बाई. कुणाचं नाव न्हाई, कुणी मारलं न्हाई. काही झालं असतं तर सांगितलं नसतं का मी? सकाळी डोळे उघडले की वाटायचं, अजून एक दिवस आला. बस."

मी म्हटलं, "मग?"

"आधी उठायचंच जिवावर यायचं. विहिरीपर्यंत जायचं म्हटलं तरी पाय उचलायचे न्हाईत. आता पाय चालतात. म्हणून आता जास्त भीती वाटते. आता जाऊ शकते ना मी."

 मी चालत राहिले. आणि मी काय म्हणाले सांगू? "मग?" म्हणाले. तिनं विषय बदलला. फेरी संपली. घंटा झाली. मी वर्गात जाऊन पानिपत शिकवलं.

संध्याकाळी बाई आल्या. भिंतीपलीकडून हाक आली, "इतिहास, फेरी झाली का?" मी म्हटलं, "झाली." ओठांवर आलं होतं सगळं. पण नियम होता ना! फेरीतलं फेरीत. ज्या नियमाची मी दीड वर्ष टवाळी केली, तो मी नेमका त्या दिवशी पाळला. मला वाटलं, आपण आता बाईंच्या कसाला उतरलो. छाती फुगली होती माझी. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन, आम्ही दोघी दारात डाळ निवडत होतो, म्हणजे मी निवडत होते आणि बाई सूप घेऊन फिरत होत्या. मंदाचा चुलता सायकलवरून आला. त्यानं सायकल उभीसुद्धा केली नाही, टाकून दिली.

"मंदा घावंना कुठं. वहाना हिरीवर हायेत तिच्या."

बाई धावल्या. चाळिशीची बाई त्या गाडीवाटेनं दीड मैल एका दमात धावली. मी मागं, ठेचकाळत, रडत. पोचलो तर विहिरीभोवती माणसं. दोन तरुण दोरानं उतरलेले. वरून लोखंडी गळ टाकला होता, तो पाण्यात फिरवताना आतल्या खडकाला लागून आवाज येत होता. जिजाबाईंना चौघींनी धरलं होतं. आणि काठावर, नीट, एकीला एक लावून ठेवलेल्या मंदाच्या वहाणा.

बाई खाली बसल्या. तिथं मातीत, मांडी घालून. मी त्यांना बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या पुटपुटत होत्या, "मीच तिच्या पायात बळ घातलं. मीच घातलं."

मला राहवेना. मी त्यांच्याजवळ वाकून म्हटलं, "बाई, ती मला म्हणाली होती."

"काय?"

मी सांगितलं. पाय चालतात म्हणून भीती वाटते, ते सगळं.

"कधी?"

"गुरुवारी."

"आज रविवार," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि तू मला बोलली नाहीस?"

"फेरीतलं फेरीत," मी म्हटलं.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या तोंडून नुसतं "अगं" एवढंच आलं. तो नियम त्यांचा होता, चूक माझी होती, आणि त्या दोन्हींच्या मधे एक पोर विहिरीत होती. मी त्यानंतर पुष्कळ वाईट बातम्या ऐकल्या, घरातली माणसं पोचवली, पण त्या घटकेसारखी मी कधी हादरले नाही.

गळ पुन्हा वर आला. रिकामा. आतून एक जण ओरडला, "न्हाई घावत!"

आणि तेवढ्यात गाडीवाटेनं नामदेव धावत येताना दिसला. टोपी नाही, धाप लागलेली, लांबूनच हात हलवतोय. "बाई! ओ बाई! पोरगी ग्राउंडावर हाय! फेऱ्या मारती!"

कुणाला खरं वाटेना. आबा त्याच्या अंगावर धावून गेले, "काय बोलतोस!" नामदेव शाळेच्याच आवारात राहायचा. जेवून उठला तर त्याला मैदानावर पोर दिसली. "अनवानी हाय, आबा. हाका मारल्या तर थांबंना. ह्या उनात!"

ती ओढ्याच्या आडवाटेनं शाळेत गेली होती आणि आम्ही गाडीवाटेनं विहिरीवर आलो होतो. म्हणून चुकामूक. आम्ही पोचलो तेव्हा मंदा चालतच होती. मैदान तव्यासारखं तापलेलं, तळपायांना फोड आलेले, ओठ सुकलेले. जिजाबाई तिला मिठी मारायला धावल्या तर बाईंनी हातानंच थांबवलं आणि त्या मंदाच्या शेजारी चालायला लागल्या.  अर्धी फेरी तशीच गेली.

मग मंदाचा आवाज आला, "बाई, मला थांबायची भीती वाटते."

"मग नको थांबूस," बाई म्हणाल्या. "आम्ही आहोत."

जिजाबाई दुसऱ्या बाजूनं चालायला लागल्या. मग आबा, हातात वहाणा घेऊन. मग मी. त्या उन्हात आम्ही पाच जण त्या मैदानाला किती वेळ फिरलो कुणास ठाऊक. शेवटी पोरीचे पाय आपोआप लटपटले आणि आबांनी तिला उचललं.

बाईंनी तिसऱ्या दिवशी आबांना आणि मंदाला घेऊन पुणं गाठलं, मनाच्या डॉक्टरांकडे. म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या फेऱ्या पुरायच्या नाहीत इथं." गोळ्या सुरू झाल्या. फेऱ्याही सुरू राहिल्या. आणि त्या रविवारनंतरच्या पहिल्याच सकाळी बाईंनी सगळ्या मुलींना गोल उभं केलं आणि सांगितलं, "पोरींनो, माझा नियम चुकला. मरावंसं वाटतं असं कुणी बोललं, तर ते फेरीत ठेवायचं नाही. त्याच पावली माझ्याकडं यायचं, मी नसेन तर हेडसरांकडं, नाहीतर जो मोठा माणूस दिसेल त्याच्याकडं. हे ज्यानं लपवलं त्याचा दोष नाही. दोष माझा." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ऑफिसात जाऊन रडले.

पण गाव! गावानं गोष्ट आपल्या परीनं लावली. पी.टी.च्या बाईनं पोरी पळवून पळवून वेड्या केल्या, एक तर विहिरीवर गेली. शाळेच्या कमिटीची बैठक झाली. आबा स्वतः उभे राहिले. "लगीन म्या मोडलंय. पोर मॅट्रिक हुईल, मंग बगू. बाईला कायबी बोलायचं न्हाई." मी पण उठले आणि सांगितलं की चूक माझी आहे, मला ठाऊक होतं. चेअरमन म्हणाले, "तुम्ही लहान आहात बाई, बसा." हेडसर टोपी काढून टोपीकडे बघत बसले. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. मे महिन्यापासून ती पुढे चालू ठेवली नाही, बस, एवढंच कागदावर आलं. संताप संताप झाला माझा. बाई मात्र शांतपणे ट्रंक भरायला लागल्या. अकोले तालुक्यातल्या डोंगरात एका शाळेत जागा होती, भंडारदऱ्याच्या बाजूला. तिथं निघाल्या.

त्या गेल्या त्यानंतर माझी त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

एसटी स्टँडवर मी आणि मंदा पोचवायला गेलो होतो. मंदा पाण्याची बाटली भरून आणायला हॉटेलात गेली, तेव्हा मी एकदाचं विचारलं, "बाई, मला माफ केलंत का?"

"तुला काय माफ करायचं," त्या म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, भाकरीला मीठ कमी पडलं असं सांगावं तशा म्हणाल्या, "मला सोळाव्या वर्षापासून आहे हे, इतिहास. मंदाचं जे आहे तेच. कधी दोन महिने, कधी सहा. सकाळी उठून चालले नाही तर संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड. पोरी वाट बघत असायच्या म्हणून उठायची मी."

मी बघतच राहिले. दीड वर्ष आमच्यामध्ये एक अर्धी भिंत. त्यांच्या फोडणीनं मला ठसका लागायचा, आणि हे मला कळलं नाही!  गाडी लागली, त्या चढल्या, मंदानं खिडकीतून बाटली दिली. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी हलली तेव्हा मी मंदाला विचारलं, "तुला ठाऊक होतं? बाईंचं?"

"हो," मंदा म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं."

शहाणा डॉक्टर म्हणेल, एवढ्याशा पोरीवर हे ओझं टाकायला नको होतं. मलाही त्या क्षणी तेच वाटलं, त्या ओझ्यानंच तर ती विहिरीवर गेली नसेल? म्हणून मी विचारलं, "त्या रविवारी वहाणा काढून ठेवल्यास तू. मग परत का फिरलीस, मंदा?"

ती जाणाऱ्या गाडीकडे बघत होती. "सोमवारी माझी जोडी बाईंशी होती," ती म्हणाली. "मी गेले असते तर त्या कुणाबरोबर चालल्या असत्या?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी गाडीमागं धावले. भर बाजारात, पाचवारी साडीत, शाळेची मास्तरीण. काय सांगायचं होतं तेही धड ठाऊक नव्हतं. थांबा म्हणायचं होतं, नाहीतर मी येते म्हणायचं होतं, नाहीतर तिथं गेल्यावर कुणालातरी सांगा, एकट्या चालू नका असं. दुकानातली माणसं उठून बघायला लागली. रस्ता खड्ड्यांचा म्हणून गाडी हळू होती. खिडकीतून बाईंनी मान बाहेर काढली, मला पाहिलं, आणि मैदानावर ओरडायच्या तशा ओरडल्या,

"पदर खोच, इतिहास! पडशील!"

मी पदर खोचला आणि धावत राहिले. गाडी घोडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर होता.